जनरेटेड फाइल नव्याने बनवायची कोणी: बिल्डने की माणसाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मधला एक मोठा, जुना प्रकल्प. रिपॉझिटरीत हाताने लिहिलेल्या कोडबरोबर जनरेटेड, म्हणजे दुसऱ्या फाइलीवरून एखाद्या टूलने बनवलेल्या, फाइलीही कमिट केलेल्या आहेत: कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि मेकफाइल.इन (या ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही टूलं बनवतात), बायसनने ग्रामरच्या, म्हणजे व्याकरणाच्या, फाइलीवरून काढलेला पार्सर, डेटाच्या व्याख्येवरून बनणारा प्रोटोबफचा कोड. ताजा क्लोन घेऊन मेक हे बिल्ड टूल चालवलं की कधी सगळं सरळ पार पडतं, तर कधी बिल्ड मध्येच 'अ‍ॅक्लोकल तुमच्या मशीनवर नाही' म्हणत थांबतं (हे ऑटोमेकबरोबर येणारं एक टूल). ज्याच्या मशीनवर अ‍ॅक्लोकल आहे त्याची वेगळीच तऱ्हा. बिल्ड होतं, पण न केलेल्या बदलांचा हजारो ओळींचा डिफ समोर येतो. शिवाय ग्रामरमध्ये एक टिप्पणी बदलली तरी निम्मा प्रकल्प पुन्हा कंपाइल होतो. विचारणाऱ्याने सध्या बिल्डच्या आधी काही फाइलींवर टच (फाइलीची वेळ आत्ताची करणारी आज्ञा) चालवायची सवय लावून घेतली आहे, आणि आता या फाइली रिपॉझिटरीतून काढूनच टाकाव्यात का, असं विचारलं आहे.

माझं मत आधी सांगून टाकतो. काढल्या तरी चालतं, ठेवल्या तरी चालतं. चालत नाही ती तिसरी अवस्था, आणि तुम्ही नेमके तिथे आहात: फाइल कमिटही केलेली आणि ती नव्याने बनवायचा नियमही बिल्डमध्ये जिवंत. अशा फाइलीला दोन मालक असतात आणि ऐन बिल्डच्या वेळी कोणाचं ऐकायचं हे फाइलींवरची वेळ ठरवते. ती वेळ कशी पडते ते आधी पाहू, कारण 'कधी चालतं, कधी नाही' यामागे गूढ काहीच नाही.

मेक हे १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्याचा मूळ विचार आजही तोच आहे: ज्या फाइलीवरून दुसरी फाइल बनते ती नंतर बदललेली असेल, तर दुसरी पुन्हा बनवा. एका मशीनवर, एका माणसाने, एडिटर उघडून केलेल्या कामाला हे अगदी योग्य होतं. पण गिट फाइलींच्या वेळा साठवतच नाही. क्लोन केला की प्रत्येक फाइलीवर ती डिस्कवर लिहिली गेली तो क्षण उमटतो. मजकूर दहा वर्षांपूर्वीचा असो की कालचा, वेळ आत्ताची.

आता गंमत बघा. गिट फाइली साधारणपणे नावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लिहितं. त्या क्रमात मेकफाइल.इन मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होते म्हणून सगळ्यांच्या आधी, मग अ‍ॅक्लोकल.एम४, मग कॉन्फिगर आणि तिच्या लगेच मागे कॉन्फिगर.एसी. म्हणजे ज्या एका फाइलीवरून बाकीच्या तिन्ही बनतात, ती नेमकी सगळ्यांच्या शेवटी लिहिली जाते. मेकच्या दृष्टीने तिन्ही फाइली शिळ्या! मग रोजच का बिघडत नाही? कारण लिनक्समध्ये फाइलीवर पडणारी वेळ बहुतेक ठिकाणी काही मिलिसेकंदांच्या टप्प्यांनीच पुढे सरकते, आणि दोन्ही वेळा सारख्या असतील तर मेक फाइल ताजीच धरतं. कॉन्फिगर आणि कॉन्फिगर.एसी शेजारी-शेजारी असल्याने त्या अनेकदा एकाच टप्प्यात बसतात. अ‍ॅक्लोकल.एम४ मात्र थोडी आधी लिहिलेली असते, मध्ये इतर फाइली येतात, डिस्क जरा सुस्त असली की ती मागच्या टप्प्यात राहून जाते. म्हणूनच रडणारं पहिलं टूल जवळजवळ नेहमी अ‍ॅक्लोकलच असतं. वेगवान मशीनवर बिल्ड पार पडतं, सुस्त मशीनवर थांबतं आणि सहकारी एकमेकांना 'माझ्याकडे तर चालतंय' असं सांगत बसतात.

टच करणं हा यावरचा जुना उपाय आहे, आणि तो तुम्हीच शोधलेला नाही. जीसीसी या कंपाइलरच्या सोर्समध्ये याच कामासाठी 'जीसीसी अपडेट' नावाची स्क्रिप्ट आहे. कोणत्या फाइलीवरून कोणती बनते याची यादी तिच्यात आहे, आणि ती त्या यादीप्रमाणे वेळा सरळ करून देते. जीसीसीचा आवाका आणि वय पाहता मी ते समजू शकतो. पण नव्याने ठरवायची संधी असेल तर मी या वाटेला जाणार नाही. टच करून तुम्ही बिल्डला सांगता की ही फाइल ताजी आहे. ती खरंच ताजी आहे का, हे कोणीच तपासलेलं नसतं. उद्या कोणी कॉन्फिगर.एसी बदललं आणि कॉन्फिगर नव्याने कमिट करायला विसरलं, तर टच त्याची चूक गुपचूप झाकून टाकेल. बिघाड एकीकडे आणि ठोकाठोक दुसरीकडे, असला हा प्रकार आहे.

ऑटोमेकची 'मिसिंग' ही स्क्रिप्टही एकेकाळी हेच करायची. टूल नसेल तर आउटपुट फाइलीची वेळ पुढे करून मोकळी व्हायची. १.१३ या आवृत्तीपासून त्यांनी ते बंद केलं, आता ती फक्त इशारा देऊन अपयश कळवते. लोकांना तो बदल आवडला नाही, पण तो बरोबर होता.

आता त्या हजारो ओळींच्या डिफकडे येऊ, कारण मूळ मुद्दा तिथे आहे. जनरेटेड फाइल तीन गोष्टींवरून ठरते: मूळ सोर्स, जनरेटर, आणि जनरेटर ज्या पर्यायांनी व ज्या वातावरणात चालला ते. मेकफाइलला यातली बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट माहीत असते. कॉन्फिगर.एसी बदललं की कॉन्फिगर बनवा, एवढं लिहिलेलं असतं. ऑटोकॉन्फ बदललं तर काय, हे कोणीच लिहिलेलं नसतं. ऑटोकॉन्फ २.६९ हे २०१२ मध्ये आलं आणि २.७० यायला २०२० चा डिसेंबर उजाडला. या आठ वर्षांत सगळ्या जगाने २.६९ इतकं गृहीत धरलं की जनरेटर हाही एक इनपुट आहे हेच लोक विसरून गेले. जीसीसी आजही नेमकं ऑटोकॉन्फ २.६९ आणि ऑटोमेक १.१५.१ मागतं. 'त्याहून नवं' चालत नाही.

आणि आवृत्तीचा आकडा जुळला म्हणजे सुटलो, असंही नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या २.६९ मध्ये रनस्टेटडिर हा पर्याय मागाहून घातला होता, जो मूळ २.६९ मध्ये नव्हता. त्यामुळे आकडा एकच असलेल्या दोन मशीनवरून वेगवेगळी कॉन्फिगर स्क्रिप्ट निघायची, आणि त्या एका पर्यायाच्या ओळी कितीतरी प्रकल्पांच्या इतिहासात एका कमिटमध्ये येतात, पुढच्या कमिटमध्ये जातात, पुन्हा येतात. तुमच्या डिफमध्येही त्या असल्या तर मला नवल वाटणार नाही. म्हणून टूलची 'आवृत्ती ठरवणं' याचा अर्थ मी असा घेतो: तेच टूल, मूळ सोर्समधून बांधलेलं, एका ठरलेल्या कंटेनरमध्ये, म्हणजे टूलांसकट गोठवलेल्या वातावरणात.

सीपायथनचं, म्हणजे पायथनच्या मूळ इंटरप्रिटरचं, उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. त्यांची अडचण तुमच्यापेक्षा बिकट होती: पायथनच्या सोर्समधल्या काही फाइली बनवायला पायथनच लागतं. वेळांवर अवलंबून असल्यामुळे नव्या चेकआउटमध्ये बिल्ड अचानक पायथन मागायचं, आणि ते तर अजून बांधलेलंच नसायचं. वेळा सरळ करायला तिथेही 'मेक टच' नावाचं टार्गेट होतं. २०१७ मध्ये त्यांनी ते काढून टाकलं. फाइलींच्या वेळा पाहून काहीही आपोआप बनवायचं नाही असं ठरलं, आणि 'मेक रीजेन-ऑल' हे वेगळं टार्गेट आलं. फाइली रिपॉझिटरीतच राहिल्या. ज्याला ग्रामर किंवा तत्सम काही बदलायचं आहे तो रीजेन चालवतो आणि निकाल कमिट करतो. तो विसरला तर सीआय (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणारी तपासणी) पुन्हा सगळं बनवून डिफ काढतं आणि लाल होतं. कॉन्फिगर स्क्रिप्टसाठी तर त्यांनी कंटेनरमधून ती बनवून देणारी स्क्रिप्टच ठेवली आहे.

गो या भाषेचं वळणही असंच आहे. 'गो जनरेट' हे १.४ मध्ये आलं आणि 'गो बिल्ड' ते स्वतःहून कधीच चालवत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे: पॅकेज वापरणाऱ्याकडे जनरेटर असलाच पाहिजे अशी सक्ती नको. कुबर्नेटीसमध्ये अपडेट आणि व्हेरिफाय अशा स्क्रिप्टच्या जोड्या दिसतात, एक फाइली बनवते, दुसरी त्या जुन्या झाल्या आहेत का ते तपासते.

तेव्हा प्रत्येक जनरेटेड फाइलीबद्दल स्वतंत्रपणे ठरवा की तिचा मालक कोण. संपूर्ण प्रकल्पाला एकच नियम लावायचा मोह टाळा. मी स्वतःला एवढंच विचारतो: हा प्रकल्प बांधणाऱ्या प्रत्येकाकडे, हव्या त्याच आवृत्तीचा जनरेटर असण्याची खात्री मी देऊ शकतो का? देऊ शकत असेन तर मालक बिल्ड. फाइल कमिट करायची नाही, ती बिल्ड डिरेक्टरीत बनेल. देऊ शकत नसेन तर मालक माणूस. फाइल कमिट करायची आणि बिल्डमधून तिचा नियम पूर्ण काढायचा.

तुमच्या यादीला हे लावून पाहू. प्रोटोबफ: बिल्डकडे द्या, यात मला शंका नाही. प्रोटोसी (प्रोटोबफचा जनरेटर) आणि त्याची लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळाव्याच लागतात, आणि जनरेटेड हेडरमध्ये तशी तपासणी घातलेलीच असते. न जुळल्यास कंपाइलर तिथेच थांबतो. लायब्ररी तुम्ही बांधताच आहात, तर प्रोटोसीही त्याच सोर्समधून बांधा. क्रॉस कंपाइल करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की प्रोटोसी बिल्ड करणाऱ्या मशीनसाठी बांधायचा आहे, ज्या मशीनवर प्रोग्राम चालणार तिच्यासाठी नाही. एलएलव्हीएम या कंपाइलर प्रकल्पाला टेबलजेन या त्याच्या जनरेटरसाठी हेच करावं लागतं.

बायसन: हेही बिल्डकडेच द्या. बायसन आणि त्याचा जोडीदार फ्लेक्स मिळत नाहीत असं मशीन आता विरळा. लिनक्स कर्नलमध्ये पूर्वी आधीच बनवलेल्या पार्सर फाइली नावाच्या शेवटी 'शिप्ड' लावून ठेवलेल्या असायच्या, ४.१६ च्या सुमारास त्या जाऊन फ्लेक्स-बायसन ही बिल्डची गरज झाली. पोस्टग्रेस या डेटाबेसनेही १७ व्या आवृत्तीपासून टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या प्रकाशित संग्रहात, तयार पार्सर देणं थांबवलं. अपवाद बायसन स्वतः. स्वतःचा पार्सर बनवायला त्याला बायसन लागतं, म्हणून त्याच्या रिपॉझिटरीत तो पार्सर बनवून ठेवलेला असतो, आणि ते योग्यच आहे.

कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन: इथे मतभेद आहेत. तुमचा प्रकल्प क्लोन करणारे सगळे तुमच्याच टीममधले असतील तर त्या काढा आणि क्लोननंतर ऑटोरीकॉन्फ (या फाइली नव्याने बनवणारी आज्ञा) चालवायला सांगा. बाहेरची, नाना प्रकारच्या मशीनवरची माणसं थेट क्लोनवरून बांधत असतील तर ठेवा, पण ऑटोमेकचा मेंटेनर मोड वापरून नव्याने बनवण्याचे नियम बंद करून टाका. या मोडवर एक जुना आक्षेप आहे: कोणी मेकफाइल.एएम (मेकफाइल.इनचा सोर्स) बदलतो, मेक चालवतो आणि काहीच होत नाही, कसलीही सूचना येत नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच सीआयची तपासणी असल्याशिवाय हा मोड लावू नका. तपासणी साधीच असते: ठरलेल्या कंटेनरमध्ये सगळं नव्याने बनवा, आणि गिटला काही बदल दिसला तर फेल करा. फेल करताना तो डिफ पॅच म्हणून जोडून द्या. मग विसरलेल्या माणसाला कंटेनर न उतरवताही तो लावता येतो, आणि त्याचा तपासणीवरचा राग निम्मा होतो.

इथे सुरक्षेचा मुद्दा टाळून चालणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलमधला मागचा दरवाजा उघडकीला आणला, तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये कॉन्फिगर बनवताना वाचली जाणारी एक एम४ फाइल बदललेली निघाली. गिटमध्ये तो बदल नव्हता. कॉन्फिगरच्या हजारो ओळी कोणी वाचत नाही, हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. यावरून 'टारबॉलमधल्या जनरेटेड फाइली फेकून नव्याने बनवा, म्हणजे झालं' असा धडा बरेच जण काढतात, तो अपुरा आहे. डेबियनची पॅकेजं कित्येक वर्षं ऑटोरीकॉन्फ चालवूनच बांधली जातात, तरी ते सुटलं नाही. कारण भ्रष्ट फाइल आउटपुटमध्ये नव्हती, ती जनरेटरच्या इनपुटात बसली होती. नव्याने बनवायचं असेल तर गिटमधल्या टॅगपासून बनवा. आणि फाइल कमिट करून ठेवत असाल तर सीआयची तपासणी इथेही कामाला येते: हाताने घुसवलेली ओळ पुन्हा बनवताना टिकत नाही, डिफमध्ये दिसते.

आता तुमचा दुसरा त्रास, टिप्पणी बदलली की निम्मा प्रकल्प कंपाइल होण्याचा. मला विचाराल तर रोजच्या कामात वेळ खाणारा खरा राक्षस हाच आहे, आणि त्याला मारणं सगळ्यात सोपं. बायसन दोन फाइली बनवतं: पार्सरचा कोड आणि टोकनांची हेडर. टिप्पणी वाढली की ओळींचे क्रमांक सरकतात, कोडमधल्या (मूळ फाइलीतली ओळ सांगणाऱ्या) लाइन निर्देशांमुळे कोडची फाइल खरंच बदलते. ती एक फाइल पुन्हा कंपाइल होऊ दे. हेडरमध्ये मात्र टोकनं तीच, मजकूर तोच, फक्त वेळ नवी. आणि हेडर तीनशे ठिकाणी घेतलेली असते.

उपाय जुना आहे. जनरेटरला तात्पुरत्या नावाच्या फाइलीत लिहायला लावायचं, जुन्या फाइलीशी ताडून पाहायचं, आणि मजकूर बदलला असेल तरच जुनीच्या जागी ठेवायचं. जीसीसीत यासाठी 'मूव्ह-इफ-चेंज' ही छोटी स्क्रिप्ट आहे, सीपायथनच्या रीजेनमागेही अशीच एक आहे, टेबलजेनमध्ये तसा पर्याय आहे, सीमेक या बिल्ड टूलची 'कॉन्फिगर फाइल' ही आज्ञा मुळातच अशी वागते.

पण नुसतं एवढंच केलं तर नवी अडचण उभी राहते. मजकूर बदलला नाही म्हणून हेडरची वेळ जुनीच राहिली, तर ती ग्रामरपेक्षा कायम शिळी दिसणार आणि प्रत्येक मेकला बायसन पुन्हा चालणार. म्हणून मध्ये एक रिकामी खूणफाइल ठेवायची, जिला सगळे स्टॅम्प म्हणतात. ग्रामरवर स्टॅम्प अवलंबून, स्टॅम्पवर हेडर. बायसन चालल्याची नोंद स्टॅम्पच्या वेळेत राहते, हेडरची वेळ फक्त खऱ्या बदलालाच हलते. स्टॅम्पवरून हेडरकडे जाणाऱ्या नियमात 'ट्रू' सारखी काहीच न करणारी आज्ञा लिहा. ती निरर्थक दिसते म्हणून साफसफाईत कोणीतरी काढून टाकतं, पण तिच्यामुळेच मेक हेडरची वेळ पुन्हा तपासतं. जीसीसीच्या मेकफाइलमध्ये हे टिप्पणीत लिहून ठेवलं आहे, तुम्हीही लिहा. मेकऐवजी निंजा हे बिल्ड टूल वापरत असाल तर हा सगळा खटाटोप 'रीस्टॅट' या एका शब्दात मिटतो: नियम चालल्यावर आउटपुटची वेळ बदलली नसेल तर पुढचं सगळं रद्द.

कर्नल याच्याही पुढे गेलं आहे. तिथे सगळे कॉन्फिग पर्याय एकाच जनरेटेड हेडरमध्ये असतात, म्हणजे एक पर्याय बदलला की तत्त्वतः सगळं कर्नल शिळं. म्हणून 'फिक्सडेप' नावाचा प्रोग्राम प्रत्येक फाइलीच्या अवलंबनातून ती हेडर वगळतो आणि त्या फाइलीत प्रत्यक्ष आलेले कॉन्फिग पर्यायच तिच्या नावावर घालतो. शिवाय नियमाची आज्ञाही साठवून ठेवली जाते, पर्याय बदलले तर फाइल पुन्हा बनते. वर म्हटलेला तिसरा इनपुट तो हाच.

बायसनच्या दोन आउटपुटांवरून एक आठवण झाली. एका प्रकल्पात पन्नास-साठ बिल्डमागे एखादं बिल्ड पार्सरच्या हेडरमध्ये विचित्र सिंटॅक्स एरर देऊन पडायचं, आणि पुन्हा चालवलं की नीट. मी दोन दिवस नेटवर्क डिस्कला दोष देत होतो. प्रत्यक्षात मेकफाइलमध्ये एका नियमाच्या डावीकडे दोन टार्गेटं लिहिली होती. लिहिणाऱ्याला वाटलं, एकदा आज्ञा चालेल आणि दोन फाइली मिळतील. मेक त्याचा अर्थ 'हे दोन वेगळे नियम आहेत, आज्ञा फक्त सारखी आहे' असा घेतं. समांतर बिल्डमध्ये बायसन दोनदा, एकाच वेळी, त्याच फाइलींवर चालायचं आणि कधीतरी कंपाइलर अर्धवट लिहिलेली हेडर वाचायचा. ग्नू मेक ४.३ पासून, म्हणजे २०२० पासून, कोलनच्या आधी अँपरसँड लावून 'ही सगळी टार्गेटं एकाच आज्ञेची' असं सांगता येतं. त्याआधीच्या मेकसाठी पॅटर्न नियम किंवा वरचा स्टॅम्प. सीमेकमध्ये याचा भाऊ भेटतो: एकच जनरेटेड फाइल दोन स्वतंत्र टार्गेटांच्या सोर्सयादीत घातली आणि मेकफाइलं काढली, तर दोन्ही टार्गेटं ती एकाच वेळी बनवायला धावतात. तिच्यासाठी एक वेगळं कस्टम टार्गेट करून दोघांनाही त्यावर अवलंबून ठेवा.

अर्धवट फाइलीचा आणखी एक मार्ग म्हणजे जनरेटर मध्येच पडणं. आउटपुट वळवून फाइलीत लिहीत असाल तर फाइल तयार होते, वेळ ताजी असते, मजकूर अर्धा. पुढच्या मेकला ती परिपूर्ण वाटते. मेकफाइलमध्ये 'डिलीट ऑन एरर' हे विशेष टार्गेट घाला. ते मुळातच चालू का नसतं, हे मला आजवर पटलेलं नाही.

फाइली बिल्ड डिरेक्टरीत हलवल्यावर एक गोष्ट हमखास चावते: पहिलं बिल्ड. हेडर अजून बनलेलीच नाही, आणि कोणती सी++ फाइल ती घेते हे कंपाइलरने एकदा वाचल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या बिल्डपासून अवलंबनाची नोंद असते, त्यामुळे चूक झाकली जाते आणि फक्त ताज्या क्लोनवर, फक्त कधीकधी बिल्ड पडतं. ऑटोमेकमध्ये यासाठी 'बिल्ट सोर्सेस' यादी आहे. मेक आणि निंजात फक्त क्रम ठरवणारं अवलंबन लिहिता येतं: हेडर आधी बनव, पण ती बदलली म्हणून मला शिळा धरू नकोस. अशा चुका मुद्दाम शोधायच्या असतील तर दोन चांगली हत्यारं आहेत. ग्नू मेक ४.४ मध्ये 'शफल' पर्याय आला, तो टार्गेटांचा क्रम पिसून टाकतो. निंजा १.११ मध्ये 'मिसिंगडेप्स' हे टूल आहे, ते जनरेटेड फाइलींची न लिहिलेली अवलंबनं दाखवतं. दोन्ही रात्रीच्या बिल्डमध्ये लावा.

हलवताना जुन्या प्रतींचा बंदोबस्तही करा. सोर्स डिरेक्टरीत कोणाकडे गिटने दुर्लक्षिलेली जुनी प्रोटोबफ हेडर पडून राहिली असेल, तर अवतरणचिन्हांतला इन्क्लूड आधी शेजारची फाइल उचलतो. नवी हेडर बिल्ड डिरेक्टरीत बिचारी वाट पाहत बसते. मी अशा बदलानंतर काही आठवडे बिल्डच्या सुरुवातीला एक तपासणी ठेवतो: सोर्समध्ये या नावाची फाइल दिसली तर थांब आणि ती पुसायला सांग.

सीआयची तपासणी लावली की पहिल्या आठवड्यात ती विनाकारण लाल होईल, त्याची तयारी ठेवा. कारण बहुतेक वेळा तुमच्याच स्क्रिप्टमध्ये असतं. पर्लने ५.१८ पासून आणि पायथनने ३.३ पासून हॅशचा क्रम दर वेळी वेगळा येऊ दिला आहे. जनरेटर हॅशवरून किंवा सेटवरून यादी काढत असेल तर आउटपुट दर वेळी निराळं. यादी क्रमाने लावा. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, बदललं की सॉर्टचा क्रम बदलतो, तेव्हा एलसी_ऑल सी वर बांधून टाका. डिरेक्टरीतल्या फाइलींच्या क्रमावर विश्वास ठेवू नका. मेकचं वाइल्डकार्डसुद्धा ३.८२ ते ४.३ च्या मधल्या काळात क्रम लावत नव्हतं. 'अमुक तारखेला बनवली' ही शिरोभागातली ओळ काढा, आणि अगदी हवीच असेल तर सोर्स_डेट_इपॉक या व्हेरिएबलमधली ठरवून दिलेली वेळ मानणारी करा. लाइन निर्देशांत संपूर्ण पाथ येत असेल तर तोही सापेक्ष करा. तपासायला सोपं: तोच सोर्स दोन वेगळ्या डिरेक्टरींत, दोन वेगळ्या लोकेलमध्ये बनवा आणि डिफ घ्या.

हे सगळं बेझल या बिल्ड टूलमध्ये आपोआप मिळतं, असं कोणीतरी सांगेलच. बरंचसं खरं आहे. तिथे वेळ पाहत नाहीत, मजकुराचा हॅश पाहतात, आणि जनरेटर हा घोषित इनपुट असतो, त्यामुळे तीनही गोष्टी हिशेबात येतात. पण तेवढ्यासाठी एक जुना प्रकल्प उचलून तिकडे नेणं हे काही महिन्यांचं काम आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी त्याच्या कितीतरी कमी श्रमात मिटतील.

मर्जबद्दल विचारलेलं नाही, पण कमिट केलेल्या फाइली ठेवल्यात तर प्रश्न येणारच. जनरेटेड फाइलीतला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवू नका. कोणतीही एक बाजू घ्या, मूळ सोर्सचा मर्ज नीट करा आणि फाइल नव्याने बनवा. सोर्स आणि त्यावरून बनलेली फाइल मी एकाच कमिटमध्ये ठेवतो, नाहीतर बायसेक्ट करताना, म्हणजे बिघाड आणणारा कमिट शोधताना, मधले कमिट बांधलेच जात नाहीत. रिव्ह्यूच्या वेळी मात्र जनरेटेड भाग झाकून ठेवा. गिट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये खूण केली की बहुतेक रिव्ह्यू साधनं तो मिटवून दाखवतात.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन. आधी बायसनच्या हेडरला स्टॅम्प आणि मूव्ह-इफ-चेंज लावा. एका दुपारचं काम आहे, आणि टीमला फरक लगेच जाणवला की पुढच्या कामाला विरोध होत नाही. मग कंटेनर आणि सीआयची तपासणी, अजून एकही फाइल न काढता. ती दोन आठवडे सलग हिरवी राहिली की मेंटेनर मोड लावून कॉन्फिगरचे नियम बंद करा आणि टचची स्क्रिप्ट पुसून टाका. प्रोटोबफ आणि पार्सर बिल्ड डिरेक्टरीत हलवणं सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एकदम नको. प्रोटोबफ आधी घ्या. त्याच्या हेडर जास्त ठिकाणी घेतलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या बिल्डमधली न लिहिलेली अवलंबनं तिथेच बहुतेक सगळी सापडतील.